जुन्या आवृत्तीचे स्थान

नवे आले म्हणजे जुन्याचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही भांडाराच्या चालकापुढे कधी ना कधी उभा राहतोच. ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती निघाली, तर पूर्वीची प्रत कपाटात राहू द्यावी की रद्दीत घालावी? नव्या बियाण्याने पीक अधिक येते असे ठरले, तर जुन्या भाताची मुडी बांधून ठेवावी की दळून खावी? हा प्रश्न आज विशेष निकडीने विचारला जातो तो संगणकाच्या क्षेत्रात. त्या क्षेत्रात आज्ञावलींची मोठमोठी सार्वजनिक भांडारे आहेत. त्यांत रोज नव्या आवृत्त्या येऊन पडतात, आणि जुन्या काढाव्यात की ठेवाव्यात याविषयी त्या भांडारांचे चालक गेली तीस वर्षे विचार करीत आले आहेत.

सावंतवाडीच्या श्रोत्यांस हा विषय प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, असे आमचे मत आहे. संगणक जन्मास येण्यापूर्वी कित्येक शतके आमच्या भाषेने हा प्रश्न सोडविण्याचे दोन निरनिराळे मार्ग काढले होते. या गावाने तर एका खेळाच्या बाबतीत तो प्रत्यक्ष हाताने सोडविला. म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वी पोथी आणि पत्ते यांचा इतिहास थोडा पाहू.

पोथीचे दोन मार्ग

छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ टिकत असे तो नकलांच्या बळावर. लेखनिक बदलला की पाठ थोडा बदलत असे. कोणाचा डोळा चुके, कोणी अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द घाली, कोणी भक्तीच्या भरात आपली एखादी ओवी मध्येच मिळवून देई. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतका पाठभेद माजला की एकनाथांस तिचे शुद्धीकरण करणे अगत्याचे वाटले. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ साली त्यांनी ते काम पुरे केले आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीदही देऊन ठेवली.

एकनाथांचे हे कार्य थोर होते याविषयी दुमत नाही. त्यांनी जुन्या प्रती नष्ट करा असे कोणास सांगितले नाही. तथापि शुद्ध प्रत उपलब्ध झाल्यावर तिच्यापूर्वीच्या प्रती उतरून काढण्याचे कष्ट कोण घेणार? नक्कल थांबली की पोथीचे आयुष्य कागदाच्या आयुष्याइतकेच उरते. वाळवी, दमट हवा आणि उंदीर पुढचे काम उरकतात. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. तिची भाषा प्रचलित प्रतीहून पुष्कळच जुन्या वळणाची होती. तेराव्या शतकातील मराठी कशी बोलत असेल याचा विचार करणाऱ्यांस त्या एका प्रतीने केवढे साहित्य पुरविले! अशा किती प्रती मधल्या काळात गेल्या असतील त्याची गणतीच नाही.

दुसरा मार्ग महानुभावांचा. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नाहीसा झाला, आणि पंथातील मंडळींनी ज्याला जसे आठवत होते तसे सांगून तो पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. साहजिकच एकाच लीळेचे एकाहून अधिक पाठ पुढे आले. त्या वेळी पंथाच्या लेखकांनी जे केले ते आम्हांस फार विचारपूर्वक केलेले वाटते. एक पाठ निवडून बाकीचे पुसून न टाकता, ज्यांच्या आठवणीतून तो पाठ आला त्यांच्या नावानिशी त्यांनी तो मूळ मजकुराच्या शेजारीच नोंदविला. अशा पाठभेदाला ‘वासना’ असे नाव मिळाले, आणि शोध करून मिळविलेल्या अधिक माहितीस ‘शोधु’ असे म्हटले जाऊ लागले. आज लीळाचरित्र वाचताना मध्येच अमक्याचा पाठ, तमक्याची वासना अशा खुणा लागतात. वाचकाला त्या किंचित अडखळवतात खऱ्या. पण कोणती आवृत्ती कोणाकडून आली हे सातशे वर्षांनंतरही कळते ते त्यांच्यामुळेच.

हे दोन मार्ग ध्यानात ठेवावे अशी आमची विनंती आहे. पहिल्यात वाचकाची सोय आहे: हाती एकच शुद्ध ग्रंथ येतो. दुसऱ्यात साक्षीपुराव्याची सोय आहे. पुढे यंत्रांच्या भांडारांनाही याच दोन सोयींपैकी कोणती पत्करावी हे ठरवावे लागले.

राजवाड्यातील पत्ते

आता गंजिफांकडे येऊ. हा खेळ हिंदुस्थानात मोगलांच्या आगेमागे आला. १५२७ साली बाबराने सिंधमधील आपल्या एका स्नेह्याकडे गंजिफाची पाने पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त या खेळाची हकीकत दिली आहे ती आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. पूर्वी हा खेळ बारा रंगांचा व १४४ पानांचा होता असे सांगून तो अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी एकेका रंगाची नावे देतो, आणि मग बादशहाने पानांत कोणते फेरफार केले ते सांगतो. धन्याने केलेली सुधारणा लिहिताना या दरबारी लेखकाने आधीचा प्रकार गाळला नाही. म्हणूनच बारा रंगांचा तो खेळ कसा होता याचा पत्ता आज आपणांस लागतो.

पुढे या खेळाने देशी रूप घेतले. मोगली प्रकार आठ रंगांचा आणि ९६ पानांचा. आपल्याकडे त्यास चंगकांचन म्हणत. त्याच्या शेजारी दशावतारी गंजिफा आली: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, मिळून १२० वाटोळी पाने. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर निम्म्या रंगांत एक्का वरचढ. खेळ दिवसा मांडला तर राम ज्याच्या हाती त्याने उतारी करावयाची, रात्री मांडला तर कृष्ण ज्याच्या हाती त्याने. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाखेच्या रंगकामाच्या कौशल्याने ही पाने घडविली, आणि गावाचे नाव या पानांबरोबर दूरवर गेले.

मग छापील बावन्न पाने आली. ती स्वस्त, हलकी, कोणासही चटकन समजणारी. गंजिफा मागे पडली यात नवल नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास हे काम जाणणारा कारागीर येथे शोधावा लागत होता. संस्थान १९४८ साली विलीन झाल्यानंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला शिकून घेतली, इतरांस शिकविली, आणि राजवाड्याच्या दरबार दालनात कारागिरांस बसवून तिला पुन्हा चालना दिली. त्या दालनात दशावतारी पानांबरोबर बावन्न पानांचे जोडही हाताने रंगवून होऊ लागले. नव्याला मज्जाव झाला नाही आणि जुनेही गेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संग्रहालयाच्या काचेमागे १२० पाने सुरक्षित असली म्हणजे गंजिफा टिकली असे होत नाही. रंग कोणते चढते, उतारी कोणाची, पान कोणत्या क्रमाने पडते, हे जाणणारा कोणी उरला नाही तर उरतात ती नुसती सुबक चित्रे. पान, खेळाचा नियम आणि पान घडविणारा हात, ही तिन्ही एकत्र राखली तरच जुनी आवृत्ती जिवंत राहिली असे म्हणता येते. यंत्राच्या बाबतीत हाच मुद्दा फार महत्त्वाचा ठरणार आहे.

तळटीपेचा धडा

या पोथीपरंपरेला आधुनिक शास्त्राची जोड पुण्यास मिळाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ केला. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक झाले. १९३३ साली आदिपर्व पुरे झाले. सुखटणकर १९४३ साली निवर्तले, पण काम थांबले नाही. १९६६ साली ते समाप्तीस गेले. देशभरातून जमविलेल्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा या कामी उपयोग झाला.

या आवृत्तीचे पान कसे रचले आहे ते पाहावे. वरच्या भागात संपादकांनी पुराव्याने निवडलेला पाठ. खाली बारीक टायपात न निवडलेले पाठ, ते कोणत्या प्रतीत मिळतात त्या खुणेसह. ज्यास कथा वाचावयाची त्याने वरचे वाचावे. ज्यास संपादकाचा निर्णय तपासावयाचा त्याने खाली उतरावे. संपादकांची निवड पुढे कोणास चुकीची वाटली, तर ती दुरुस्त करण्याचे साधन त्याच पानावर ठेवलेले आहे. एकनाथांची सोय आणि महानुभावांचा प्रामाणिकपणा यांचा येथे मेळ घातला गेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्राचे भांडार

आता संगणकाकडे वळू. संगणकाचे यंत्र आज्ञावलीवाचून मुके असते. एका यंत्रावर शेकडो, कधी हजारो लहानमोठ्या आज्ञावली एकमेकींच्या आधाराने काम करीत असतात. त्या एकेकीचे गाठोडे बांधून, त्यावर नाव, आवृत्तीचा क्रमांक, आणि हिला आणखी कोणत्या गाठोड्याची गरज लागते हे लिहून, ती सर्व एका ठिकाणी रचून ठेवावयाची, ही ‘वितरण’ या संस्थेची कल्पना. गाठोड्याला ‘पॅकेज’ म्हणतात. अशा वितरणांपैकी डेबियन हे एक जुने व मान्यवर वितरण. इयन मर्डॉक या तरुणाने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. जगभरचे स्वयंसेवक ते चालवितात. २०२३ साली त्यांचे वार्षिक संमेलन कोचीला भरले होते.

डेबियनच्या मुख्य भांडाराची रीत साधारणपणे अशी, की एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती आली की ती जुनीची जागा घेते. त्यास कारणे सबळ आहेत. पहिले कारण जागेचे: भांडाराची जशीच्या तशी प्रत जगभरच्या विद्यापीठांनी आणि संस्थांनी पदरमोड करून आपापल्या यंत्रांवर ठेवलेली असते, तिचा भार वाढवीत नेणे म्हणजे त्या दात्यांवर ओझे घालणे. दुसरे कारण परस्परांच्या मेळाचे: हजारो पॅकेजे एकत्र नांदतात की नाही हे तपासावयाचे, तर प्रत्येकाची एकच आवृत्ती असणे सोयीचे. तिसरे कारण सर्वांत गंभीर: जुन्या आवृत्तीत चोरवाट सापडलेली असते. चोराला किल्ली मिळालेले कुलूप दुकानात विकावयास मांडून का ठेवावे?

ही कारणे आम्ही हलकी मानीत नाही. तथापि दुसरी बाजूही लवकरच दिसू लागली. नवी आवृत्ती बसविल्याबरोबर काल चालणारे काम आज बंद पडले, अशा वेळी माणसाला कालची आवृत्ती हवी असते. दोष नेमका केव्हा शिरला हे शोधावयाचे, तर एकेक मागची आवृत्ती लावून पाहावी लागते. संशोधकाने दहा वर्षांपूर्वी एखादे गणित यंत्रावर करून निष्कर्ष छापला; तो पडताळून पाहावयाचा तर त्याच आवृत्तीची आज्ञावली लागते. संख्याशास्त्राचे अभ्यासक वापरतात त्या ‘आर’ भाषेच्या भांडाराने म्हणूनच पॅकेजांच्या मागील आवृत्त्या वेगळ्या दालनात ठेवण्याचा परिपाठ घातला आहे.

डेबियननेही शेवटी तेच केले. मुदत संपलेली संपूर्ण वितरणे एका स्वतंत्र अभिलेखागारात जाऊ लागली. त्यापुढे जाऊन ‘स्नॅपशॉट’ नावाची एक विलक्षण सोय निर्माण झाली. २००५ पासूनचे भांडार तिच्यात साठविलेले असून २०१० साली ती अधिकृतपणे सर्वांस खुली झाली. तिचे तंत्र समजण्यास सोपे आहे. दिवसातून अनेक वेळा भांडाराची पाहणी होते. प्रत्येक फायलीच्या आशयावरून तिचा एक ठसा काढला जातो. तोच ठसा पूर्वी नोंदलेला असेल तर फाइल पुन्हा साठवीत नाहीत, केवळ ‘या वेळी ही येथे होती’ एवढी नोंद करतात. त्यामुळे जागा बेतात राहते, आणि अमुक सालच्या अमुक तारखेस भांडार कसे होते असे विचारले तर ते तसेच्या तसे उभे करून दाखविता येते. मुख्य दुकान नव्याचे, आणि मागच्या बाजूस तारीखवार कोठार, अशी ही मांडणी आहे. आदिपर्वाच्या पानाची रचना तरी याहून वेगळी काय होती?

टाकल्याची आणि ठेवल्याची किंमत

जुने एकाएकी नाहीसे झाले तर काय घडते याचा अनुभव जगाला २२ मार्च २०१६ रोजी आला. ‘एनपीएम’ नावाच्या भांडारातून एका लेखकाने, भांडाराच्या चालकांशी एका नावावरून झालेल्या वादानंतर, आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक अवघे अकरा ओळींचे पॅकेज होते. अक्षरांच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण त्यावर दुसरी पॅकेजे, त्यांवर तिसरी, अशी उतरंड उभी होती. तळातले मडके काढताच ठिकठिकाणच्या कंपन्यांची कामे अडली. चालकांना काही तासांच्या आत ते पॅकेज परत ठेवावे लागले, आणि प्रसिद्ध झालेले पॅकेज लेखकाने केव्हा काढावे यावर पुढे निर्बंध घालावे लागले. आपली वस्तू परत नेण्याचा हक्क लेखकाचा खरा. पण ज्या वस्तूवर इतरांची घरे उभी राहिली ती सर्वस्वी एकट्याची राहते काय, असा हा प्रश्न होता.

नवे ते निर्दोष असाही सर्वसाधारण समज आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘ओपनएसएसएल’ या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा भयंकर दोष जाहीर झाला. तो २०१२ साली आलेल्या १.०.१ या मालिकेत शिरला होता. तिच्या आधीच्या ०.९.८ आणि १.०.० या मालिकांत तो नव्हता. जे मागे राहिले होते ते या एका बाबतीत सुरक्षित होते.

याहूनही उद्बोधक प्रकरण २०२४ चे. फायली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या आज्ञावलीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी हेतुपुरस्सर चोरदरवाजा बसविला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास, दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून संशय आला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने तो जगजाहीर केला. तेव्हा उपाय कोणता योजला? जुन्याकडे परत जाण्याचा. पण वितरणाची यंत्रणा क्रमांक नेहमी चढता मागते. मागे जा असे तिला सांगता येत नाही. म्हणून डेबियनच्या मंडळींनी पॅकेजास जो क्रमांक दिला त्याचा अर्थ असा होता: ‘म्हणावयास ५.६.१, वस्तुतः ५.४.५’. नव्याच्या नावाखाली जुने पुन्हा गादीवर बसले. ती जुनी आवृत्ती हाताशी नसती तर काय बसविले असते?

उलट बाजूचे उदाहरण सांगणेही न्यायाचे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत मोठी चोरवाट आढळली. दुरुस्त आवृत्त्या ताबडतोब निघाल्या. पण जेथून ती उतरवून घेतात त्या ‘माव्हेन सेंट्रल’ भांडाराची रीत अशी, की एकदा ठेवलेले काढावयाचे नाही. सदोष आवृत्त्या तशाच राहिल्या, आणि लोक पुढेही पुष्कळ दिवस त्याच उतरवून घेत राहिले. जुने ठेवण्याचा हा तोटा खराच आहे.

मग निर्णय काय? आमच्या मते घोटाळा होतो तो ‘जपणे’ आणि ‘पुढे करणे’ ही दोन वेगळी कामे एकच मानल्यामुळे. वैद्याच्या घरी बचनाग असतो. तो डब्यावर नाव घालून, मुलांच्या हाताबाहेर ठेवलेला असतो. सदोष जुनी आवृत्ती पुढील दालनात, मागेल त्यास न विचारता दिली जाऊ नये. तिच्यावर दोषाची ठळक खूण असावी. पण अभ्यासकाला, दोष शोधणाऱ्याला आणि जुन्या कामाची उकल करणाऱ्याला ती मागील दालनात मिळाली पाहिजे.

मराठीपुढचा प्रश्न

हे सर्व ऐकून, यात आमचे काय, असे कोणी विचारील. आमचे फार आहे. १९८५ ते २००५ या वीस वर्षांत मराठी छपाई खिळ्यांकडून संगणकाकडे गेली. पुण्यातील सी-डॅक ही संस्था १९८८ साली निघाली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतपद्धती १९९१ साली मानक म्हणून ठरली. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच सालची. तथापि प्रत्यक्ष छापखान्यांत जी पद्धत रूढ झाली ती निराळी. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रे बसविलेले टंक वापरले जात. यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचीच रास. तो विशिष्ट टंक लावला तरच डोळ्यांस मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी वेगळी, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही वेगळी.

महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ ‘सकळ लिपी’त लिहिले. तीत एका अक्षरासाठी दुसरीच खूण योजलेली असल्याने, विसाव्या शतकात ती उलगडेपर्यंत बाहेरच्या विद्वानांस ते ग्रंथ बंद होते. त्यांनी जे हेतुपुरस्सर केले ते आपण संगणकावर नकळत करून बसलो. आणि त्यांच्यापाशी किल्ली जपणारे महंत पिढ्यान्‌पिढ्या होते. आपली किल्ली म्हणजे टंकाची आणि अक्षरजुळणीच्या आज्ञावलीची ती जुनी आवृत्ती. ती चालते जुन्या यंत्रावर, आणि अशा पुष्कळ आज्ञावली एका कुलपासह, म्हणजे डोंगलसह, विकल्या जात. कुलूप बिघडले की स्वतःचाच मजकूर स्वतःस उघडता येत नाही.

यात हरवावयाचे काय आहे ते नीट पाहावे. मोठे ग्रंथ छापले गेले आहेत. ते कागदावर राहतील. पण गावोगावच्या स्मरणिका, दैनिकांची जुळविलेली पाने, संस्थांची इतिवृत्ते, दशावतारी मंडळांच्या आणि ग्रामदैवतांच्या हकीकती, बोलीभाषेचे शब्दसंग्रह, लेखकांचे अप्रकाशित मसुदे यांपैकी कितीतरी मजकूर केवळ अशा फायलींत पडून असण्याचा संभव आहे. मोडीचा अनुभव ताजा आहे. शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत संस्थानांच्या दप्तरांपुढे वाचणाऱ्यांची टंचाई झाली. २०१४ साली मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले हे चांगलेच झाले. पण मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. शिकून वाचता येतो. चुंबकीय तबकडीवरील मजकूर डोळ्यांना दिसतही नाही.

युनिकोडने मात्र एक चांगला नियम घालून घेतला आहे. एकदा एखाद्या अक्षरास स्थान दिले की ते काढावयाचे नाही आणि हलवावयाचे नाही. नवी अक्षरे येतील, जुनी वापरू नका असा सल्लाही दिला जाईल. पण जुन्या लेखाचा अर्थ बदलणार नाही. म्हणून आज युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठीविषयी आम्ही बरेच निश्चिंत आहोत. काळजी आहे ती मधल्या वीस वर्षांची.

छापील ग्रंथांच्या बाबतीत सरकारने ही काळजी आधीच वाहिली आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक ग्रंथाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांस द्यावयाची असते. फेरफार न करता काढलेल्या पुनर्मुद्रणास त्यातून सूट आहे, पण फेरफार केलेल्या आवृत्तीस नाही. म्हणजे बदललेली प्रत्येक आवृत्ती स्वतंत्रपणे जतन करण्यायोग्य आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. आज्ञावलींसाठी असे बंधन नाही. फ्रान्समधील इनरिया या संस्थेने २०१६ साली ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ नावाचे जागतिक अभिलेखागार सुरू केले व पुढे युनेस्कोने त्यास हात दिला. पण ते मुख्यतः ज्यांचा मूळ मजकूर खुला आहे अशा आज्ञावलींसाठी. डेबियनला जुने जपता येते, कारण त्याच्या पॅकेजांचे परवानेच प्रत करण्याची मुभा देतात. आपले जुने मराठी टंक बहुतांशी विकतचे. त्यांची प्रत ठेवण्याचा अधिकार कोणाचा हाच वाद. अशा टंकांच्या मालकांनी, जे आता बाजारात विकत नाहीत ते निदान वाचण्यापुरते व रूपांतरापुरते खुले करावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. त्यात त्यांचे नुकसान थोडे आणि भाषेचा लाभ मोठा आहे.

काय करता येईल

इतिहासावरून आम्हांस तीन नियम निघतात असे वाटते. पहिला महानुभावांचा: प्रत्येक आवृत्ती नावानिशी आणि तारखेनिशी ठेवावी, कोणाची हे न कळणारी प्रत निम्मी हरवलेलीच समजावी. दुसरा भांडारकर मंदिराचा: निवडलेले वर, न निवडलेले खाली, पण दोन्ही एकाच छपराखाली. तिसरा गंजिफांचा: पानाबरोबर नियम आणि हात जपावा, फायलीबरोबर ती उघडणारी आज्ञावली, आणि ती आज्ञावली चालविणारे माणूस.

सर्वच ठेवावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. जागा लागते, पैसा लागतो, आणि पाहणारा माणूस लागतो. पण काय टाकावे याचा निर्णय जाणून घेतलेला असावा. यंत्र बदलले, खोली रिकामी करावयाची होती, म्हणून गेले, असे होऊ नये.

हे काम केवळ मोठ्या संस्थांनीच करण्याचे आहे असेही नाही. जिल्ह्यातील एखाद्या जुन्या वाचनालयाने ठरविले, तर छापखान्यांतून अडगळीत पडलेल्या तबकड्या, चालू स्थितीतील एकदोन जुनी यंत्रे आणि त्यांवरील टंक एका खोलीत आणता येतील. मजकूर युनिकोडमध्ये उतरविता येईल. आणि उतरविल्यावरही मूळ फाइल तशीच ठेवता येईल, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात व ती पुढे कोणीतरी मुळाशी ताडून पाहावी लागतात. त्या यंत्रांवर ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली ते जुळारी आज पन्नाशीसाठीच्या घरात असतील. कोणत्या टंकाची कोणती खोड, कोणत्या आवृत्तीत ‘र’फार कोठे पडे, हे त्यांच्या बोटांत आहे. पुंडलिक चितारींकडे कोणीतरी वेळेवर जाऊन बसले. या जुळाऱ्यांकडेही, ते आहेत तोवर, कोणीतरी वही घेऊन गेले पाहिजे.